कुंकू लागलेली नोट

नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या ड्रॅगन फ्रूट लावणाऱ्या बायकांची सहल व्हिएतनामला निघाली होती, आणि यादीत सत्यशीलेचं नाव पहिलं होतं. बाग तिनं उभी केली होती, पासपोर्ट तिनं काढला होता. डॉलर आणायचं एवढं एक काम नवऱ्यानं, बिभीषणानं, अंगावर घेतलं आणि तिथंच माती खाल्ली.

बँकेतून घेऊ, असं ती म्हणाली, तर त्याला हसू आलं. केडगावात कल्याणचं परदेशी पैसे बदलून द्यायचं दुकान असताना बँकेत कशाला जायचं? कल्याण त्याच्या शाळेच्या वर्गातला, म्हणजे आपला माणूस. डॉलरमागं दोन रुपये कमी लावणार. बिभीषणानं त्याच्याकडून शंभराच्या पाच नोटा पाकिटात घालून आणल्या, पावती घेतलीच नाही. नोटा नीट बघितल्या का, असं तिनं विचारलं, तर म्हणे आपल्या माणसासमोर नोटा चाळत बसणं बरं दिसतं का?

सासूबाईंनी, कडूबाईंनी, ते पाकीट देवापुढं ठेवलं. घरात नवीन काही आलं की करतात तेच केलं. वरच्या नोटेला हळदी-कुंकवाचं बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी सहल नेणारा अमृत कागदपत्रं बघायला आला. पाकीट उघडून त्यानं वरची नोट बघितली, खालच्यांनाही कुंकू लागलं असणार असं धरलं आणि कपाळावर हात मारला. तिकडं नोटेवर पेनाची रेघ असली तरी बदलून देत नाहीत, मग कुंकू कोण घेणार? परवा विमान होतं. परक्या मुलखात रिकाम्या हातानं जायचं, नाहीतर नाव मागं घ्यायचं, असं सांगून तो निघून गेला.

सत्यशीलेच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं सगळ्यांदेखत सासूला विचारलं, "तुमी कुंकवाला हात लावायचाच कशाला?"

कडूबाई विधवा होत्या. बारा वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा भावकी नको नको म्हणत असताना याच सत्यशीलेनं भांडून सासूच्या हाती कुंकू परत दिलं होतं. गावानं तिची वाहवा केली होती. आता त्याच तोंडातून हे निघालं, आणि निघालेला शब्द काही परत घेता येत नाही. बिभीषणानंही आईवरच आग पाखडली. कडूबाई आत गेल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी सत्यशीला नवऱ्याला घेऊन नगरच्या बँकेत गेली. कुंकू पुसता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. काउंटरवरच्या पूजा मॅडमनी पाचही नोटा टेबलावर पसरल्या. कुंकू एकाच नोटेला होतं. उरलेल्यांपैकी एकीवर कुठल्यातरी दुकानाचा शिक्का होता, एकीचा कोपरा फाटलेला होता, दोन नोटांवर पेनानं आकडे लिहिले होते. या चार घरी बिघडलेल्या नाहीत, मॅडम म्हणाल्या. कुणीतरी नाकारलेल्या तुमच्या गळ्यात मारल्यात.

सत्यशीला भडकली. तिनं मोटरसायकल सरळ केडगावला वळवायला लावली.

कल्याणनं आधी चहा सांगितला. मग कुंकवाची नोट बघून, वहिनी, देवाधर्माचं करताना जरा बघायचं ना, असं वर तोंड करून म्हणाला. सत्यशीलेनं ती नोट पर्समध्ये ठेवली आणि उरलेल्या चार त्याच्यापुढं मांडल्या. त्यानं पावती मागितली. बिभीषण खाली बघायला लागला.

"पावती तुमी दिली न्हाई, म्हंजी चोरून इकलं," सत्यशीला म्हणाली. "आता मी हितंच बसते. येनाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ह्या नोटा दावते. बगू तुमचं दुकान किती दिस चालतंय."

दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि कान टवकारून ऐकत होती. आपल्या माणसानं मुकाट्यानं चार नोटांचे रुपये मोजून दिले. ते घेऊन ती बँकेत परतली, परदेशात चालणारं कार्ड घेतलं, थोड्या कोऱ्या नोटा घेतल्या, पावती घेतली. एकेक नोट उजेडाला धरून बघितली. मागची रांग कुरकुरत होती, ती कुरकुरू दिली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं सासूला सगळं सांगितलं. कल्याणचा उद्धार केला, नवऱ्याचाही केला. तुमच्या बोटानं काही बिघडलं नव्हतं, बाकीच्या चारही नोटा आधीच खराब होत्या, असं दोनदा सांगितलं. मग पाया पडली आणि माझं चुकलं म्हणाली. म्हातारी हसेल, पाठीवरून हात फिरवेल, असं तिला वाटलं होतं.

कडूबाईंनी पाय मागं घेतले.

"नोटा कल्याननं बिगडवल्या, कळलं मला," त्या म्हणाल्या. "पन काल जे बोललीस, ते काय त्यानं शिकवलं न्हवतं तुला."