चाळीस पुंगळ्या

लिनने पाठवलेलं यंत्र माझ्या वाफेच्या न्हाणीबाहेरच्या खोलीत तीन वर्षं खोक्यातच पडून आहे. त्याच्यावर मी टॉवेल ठेवते.

लिन माझी मुलगी. तिचं म्हणणं, "आई, मनगट दुखतं म्हणतेस ना? मग हे वापर. दांडा खाली ओढला की काडतूस तयार. तासात शंभर होतील." मी म्हटलं, "शंभर काडतुसं घेऊन मी काय कॅनडावर चाल करून जाऊ?" त्यावर ती फोनवर बराच वेळ गप्प बसली. ही सवय तिने बापाकडून उचललीय.

मी काडतुसं भरते ती हातोडीने. चार लोखंडी तुकडे, एक पितळी चमचा आणि एक लाकडी हातोडी, सगळं मिळून जेवणाच्या डब्यात मावतं. लग्न झालं त्या वर्षी रेइनोने दुकानातला सगळ्यात स्वस्त संच उचलून आणला होता. दोन दिवस ठोकाठोकी केली, अंगठा सुजवून घेतला आणि सोडून दिलं. मग मी हातात घेतला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मी तीनशे पोरांचं जेवण करत होते, त्यामुळे रोज तसंच आणि तेवढंच करायची सवय अंगात मुरलेली. झडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मी आधी वजनाप्रमाणे वेगळ्या काढते. बंदुकीची दारू चमच्याने घेते, पण चमच्यावर विसंबत नाही, दर वेळी तराजूवर टाकते. आणि हातोडीचा घाव प्रत्येक पुंगळीला तोच, रागात असले तरी तोच. शंभर पावलांवर माझ्या पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातात. नेमबाजीच्या क्लबातल्या लोकांची अर्धी पडवी यंत्रांनी भरलेली असते, ते मला आडून आडून विचारतात, "सायमा, दारू कुठली वापरतेस गं?" मी म्हणते, "तुम्ही वापरता तीच." त्यांना ते खरं वाटत नाही.

धोका एकच. पुंगळीच्या बुडाला ठिणगी देणारी टिकली बसवतात, ती हातोडीने बसवताना कधीतरी फटकन उडते. म्हणून डोळ्यांवर जाड चष्मा, दारू दूर दुसऱ्या टेबलावर, आणि एका वेळी एकच टिकली समोर. आमच्या मांजरीने असा एक आवाज ऐकला आणि ती मरेपर्यंत पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

आणि एक गोष्ट आहे, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. बार उडाला की पुंगळी फुगते, आणि हा स्वस्त संच तिचा फक्त गळा परत आवळतो. पोट तसंच राहतं, ज्या बंदुकीत ती झडली त्या बंदुकीच्या मापाचं. म्हणजे माझं काडतूस त्याच बंदुकीत नीट बसतं, दुसरीत अडतं. म्हणून ज्याची बंदूक, त्यानेच आपल्या रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या.

रेइनो हार्जू माझा नवरा होता. तेवीस वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. आडनाव मी त्याचंच ठेवलंय, कारण बदलायला गेलं तर कागदपत्रं फार करावी लागतात. लोकांना मी असंच सांगते.

भांडण म्हणावं असं काही नव्हतंच. भांडायला दोघं लागतात, आणि रेइनो घरात तोंडच उघडायचा नाही. जंगलातल्या शिकारीच्या झोपडीत मात्र मित्रांना हसवून लोळवायचा म्हणे. एका मार्चमध्ये, बर्फ खिडक्यांच्या वर चढलेलं असताना, मी ओरडले, "जा, त्या झोपडीतच जाऊन राहा!" माणूस आज्ञाधारक, तो गेला. मला वाटलं होतं, दोन दिवसांत येईल. मग वाटलं, बर्फ वितळल्यावर येईल. मग वकिलाचं पत्र आलं. मी सही केली, कारण मला वाटलं त्याला ती हवीय. त्याला काय वाटलं ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दारावर थाप पडली. रेइनो उभा, हातात कापडी पिशवी.

"पुंगळ्या आहेत," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाची काडतुसं या बंदुकीला चालत नाहीत."

"बंदुकीला चालत नाहीत का तुला?"

"बंदुकीला," तो म्हणाला आणि पायातले बूट काढून आत आला.

तेव्हापासून दर वर्षी तोच शनिवार. चाळीस पुंगळ्या. मी हातोडी चालवायची, त्याने समोर बसून साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी प्यायची, वेलदोड्याच्या पावाच्या चार चकत्या खायच्या, आणि गेल्या मोसमातल्या हरणाची गोष्ट सांगायची. लग्नाच्या सव्वीस वर्षांत बोलला नसेल तेवढं त्या एका दुपारी बोलायचा. मी मुद्दाम हळू करायची. भरलेलं काडतूस उजेडात धरायची, नाक मुरडायची, "हे नाही जमलं" म्हणून पुन्हा उघडायची. तराजू दोनदा पुसायची. तो विचारायचा, "अजून किती?" मी म्हणायची, "मला वेळ लागतो." अंधार पडला की तो खोकं उचलून वीस मैलांवर बारागाला, आपल्या घरी परत जायचा, आणि मी पुढच्या ऑक्टोबरची वाट बघत बसायची. उरलेलं वर्ष मी कसं काढते ते सांगत नाही.

पूर्वी चाळीसातल्या सहा-सात पुंगळ्या तो बर्फात हरवून यायचा. मी बोलायची, तो मूग गिळून बसायचा, मग मी नव्या घालून भरती करायची. गेली चार वर्षं मात्र मोजून चाळीस परत, पुसलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, अक्कल आली.

या वर्षी आदल्या दिवशीच, शुक्रवारी संध्याकाळी, लिन आली. पिशवी तिच्या हातात होती.

"बाबांनी पाठवल्यात. भरून ठेव म्हणाले, मी पुढच्या आठवड्यात घेऊन जाईन."

"आणि तो?"

"ते नाही येणार."

"का?"

"ते तू त्यांनाच विचार ना, आई. मला दोघांच्या मध्ये घालू नका. बेचाळीस वर्षांची झालेय मी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवीस वर्षं चाललेली गोष्ट, आणि पिशवी पाठवून दिली, जशी काही मी रस्त्याकडेची दुकानदारीण. लिन गेल्यावर मी पिशवी टेबलावर ओतली. पुंगळ्या चाळीस होत्या. बार उडवताना टिकलीवर बंदुकीचा खिळा आपटतो, त्याची प्रत्येकीवर खूण, मधोमध नाही, जराशी डावीकडे. रेइनोच्या बंदुकीचा खिळा कायमच तसा वाकडा बसतो. म्हणजे बंदूक चालतेय, शिकार होतेय, फक्त माझ्याकडे यायचं नाही. कोणी बाई भेटली असेल, असंही मनात आलं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाबद्दल सत्तर वर्षांच्या बाईने असा विचार करणं हास्यास्पद आहे, पण मी केला, आणि रात्रभर केला.

या वर्षी क्लबाच्या मैदानावर निशाणा बसवायचा दिवस नेमका दुसऱ्याच दिवशी, त्याच शनिवारी आला होता. हरणांचा मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडतो, त्याआधी सगळा तालुका तिथे येऊन आपापली बंदूक तपासून घेतो. काडतुसं नसली तरी गप्पा मारायला रेइनो तिथे असणारच. चार लोकांत त्याचं माप काढायचं ठरवून मी गेले.

रेइनो दिसला नाही. त्याची बंदूक दिसली.

शेवटच्या बाकावर ती ठेवलेली होती. लाकडी दस्त्यावर झोपडीतल्या शेगडीने भाजल्याचा काळा डाग, तो मी सव्वीस वर्षं तेल लावून पुसलेला. बाकामागे नारिंगी टोपी घालून डॉन लेहतो बसली होती, शाळेची बस चालवते ती. लहानपणी माझ्या हातचं जेवून वाढलेली पोर, आता स्वतःच चाळिशीची. बारागाला रेइनोच्या शेजारी राहते.

मला बघून ती उठलीच. "अरे वा, मिसेस हार्जू! तुम्ही स्वतः आलात? काडतुसं आणलीत ना?"

"कसली काडतुसं?"

"माझी. म्हणजे, या बंदुकीची. रेइनोकाका म्हणाले पुढच्या आठवड्यात मिळतील, पण आजच मिळाली तर बघावं म्हणून बसलेय." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज खाली गेला. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"तू सांग."

तिने कानांतले बोळे काढून हातात घेतले. "चार वर्षं झाली, बंदूक त्यांनी मला दिली. उजवा डोळा गेला ना त्यांचा. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून काही दिसेना. फुकटच दिली हो, फक्त एक अट घातली. काडतुसं तुमचीच वापरायची आणि सगळ्या पुंगळ्या परत द्यायच्या. एकदा एक बर्फात पडली तर अर्धा तास गुडघ्यांवर बसून शोधायला लावली मला! दुकानातली खोकी आणली तर आठवडाभर बोलले नाहीत."

"तो बोलत नाही हे तुला कसं कळलं?" मी म्हटलं. ती हसली, पण मला हसू येत नव्हतं.

"आणि गेल्या वर्षीचं हरीण?" मी विचारलं. "ओढ्याकाठचं, साठ पावलांवरचं, एका शिंगाचं?"

"माझं ते," डॉन म्हणाली. "मला तीनदा सांगायला लावलं त्यांनी. वारा कुठून होता, मी कुठल्या झाडाला टेकले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला आठवणी येत असतील शिकारीच्या." ती थांबली. "आता दुसरा डोळाही तसाच व्हायला लागलाय. ऑगस्टमध्ये गाडी चालवायचा परवाना काढून घेतला त्यांचा. लिन म्हणाली होती, मी सोडते तुम्हाला आईकडे. तर म्हणाले, नको, लिन दिवसभर थांबून राहील, मग सायमा विचारेल, गाडी का चालवत नाहीस आणि बंदूक कुठाय."

मी तिथेच बाकावर बसले. मैदानावर गोळ्या सुटत होत्या आणि माझ्या कानांत बोळे नव्हते, तरी मला नीटसं ऐकू येत नव्हतं. चार वर्षं हा माणूस एका डोळ्याने वीस मैल गाडी हाकत आला, दुसऱ्याच्या बंदुकीसाठी काडतुसं न्यायला, दुसऱ्याच्या हरणाच्या गोष्टी पाठ करून. आणि मी त्याच्या समोर बसून तराजू पुसत होते.

घरी जाऊन मी पुंगळ्या, हातोडी, चमचा, तराजू, टिकल्या, चष्मा, सगळं गाडीत घातलं. कालचा पाव अर्धा उरला होता, तो घेतला. दारूचा डबा वेगळा बांधला. बारागाला पोचले तेव्हा दोन वाजले होते.

रेइनो स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता, खाडीकडे तोंड करून. पायऱ्यांवरच्या पावलांवरूनच त्याला कळलं असावं.

"सायमा?"

"मग कोण, गव्हर्नर येणारेत तुझ्याकडे?"

"पुंगळ्या लिनबरोबर पाठवल्या होत्या."

"मिळाल्या. त्या भरताना समोर बसून पाव खाणारं माणूस लागतं. ते पाठवायचं राहिलं होतं."

मी त्याच्या टेबलावर संच मांडला. दारू मागच्या ओट्यावर ठेवली. पहिली पुंगळी घेऊन गळा आवळायला हातोडी मारली. तो आवाज ऐकून त्याने मान वळवली, आणि तेव्हा मी त्याचे डोळे पाहिले. ते माझ्याकडे होते, पण माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागले होते. मी दुसरा घाव मारला. तसाच, तेवढाच.

"सायमा, ती बंदूक..."

"डॉन भेटली."

त्याने हाताने टेबलाची कड चाचपली. मी पुढची पुंगळी घेतली.

"डोळ्याचं मला सांगता येत नव्हतं?" मी शेवटी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, मग आता काडतुसं कशाला हवीत तुला."

मी तसंच म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत म्हटलं असतं, आणि मग दार लावून घेऊन रडत बसले असते. माझ्या जिभेने एकदा या माणसाला घराबाहेर काढलं होतं, आणि तो चार वर्षं तिच्यापासून जपून राहिला होता. मी हातोडी खाली ठेवली.

"रेइनो, मलाही एक सांगायचंय. चाळीस भरायला मला दिवस लागत नाही. दीड तास लागतो."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"आपल्या घरी तू पाव भट्टीत टाकायचीस आणि मग ठोकायला बसायचीस," तो म्हणाला. "पाव बाहेर निघायच्या आत चाळीस व्हायची. मला काय आठवत नाही?"

"मग तेवीस वर्षं 'अजून किती, अजून किती' विचारत होतास ते?"

"बरीच राहिलीत असं ऐकायला बरं वाटायचं."

मी कॉफीची किटली चढवायला उठले आणि बराच वेळ तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे वळले तेव्हा त्याने खुर्ची टेबलाला ओढून घेतली होती. पिशवीतून एक पुंगळी काढली, तिच्या तोंडावरून बोट फिरवलं, कुठे चीर नाही ना ते बघितलं आणि माझ्या बाजूला सरकवली. मग दुसरी काढली. त्याच्या बोटांना माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. एक त्याने बाजूला ठेवली, मी उजेडात धरून बघितली, गळ्याला केसाएवढी चीर होती.

"ही नवी घालावी लागेल," मी म्हटलं.

"घाल," तो म्हणाला. "हरवली म्हणून बोलू नकोस."

अंधार पडला तेव्हा सहा झाली होती. ती डॉनला निशाणा बसवायला पुरतील. चौतीस उरली होती.

"उरलेली घरी नेऊन भर," रेइनो म्हणाला. "तुला तिथे सोयीचं."

मी कोट घातला. हातोडी, चमचा, तराजू, सगळं त्याच्या टेबलावर होतं तसं राहू दिलं, आणि पुंगळ्यांची पिशवी त्याच्या हाताखाली सरकवली.

"मोसमाला अजून सहा शनिवार आहेत," मी म्हटलं. "आणि मला वेळ लागतो."