पाणी न मागणारी गाडी

गाडी मुखेडच्या घरासमोर येऊन थांबली, तरी डॉक्टर व्यंकटी सोनकांबळे ओट्यावरून उठले नाहीत. त्यांनी नुसती मान वळवली आणि विचारलं, "कोण आलंय?"

"कोण म्हंजे?" धुरपताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माझी सवत आली. लातूरहून नटूनथटून आली."

त्यांचा मुलगा अश्वजित इंजिन बंद करून खाली उतरला. वाटेत सगळा वेळ त्यानं एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं होतं : गाडी वळणावर आली की अण्णा आवाजावरून ओळखणार, काठी न घेताच फाटकापर्यंत येणार. अण्णा जागचे हलले नव्हते.

"अण्णा, ओळखली न्हाई का आपली गाडी?"

"आपली?" म्हातारा म्हणाला. "आवाज बसलाय रे तिचा."

"सायलेन्सर नवा टाकलाय," अश्वजित म्हणाला.

खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर मागं घ्यायला जागा राहिली नाही.

गाडी फोक्सवॅगन होती, जुन्या घाटाची, पाठ गोल असलेली. तालुक्यात तिला कासवगाडी म्हणत. बहात्तरच्या दुष्काळानंतर विहिरींसाठी खडक तपासायला आलेला एक जर्मन माणूस परत जाताना ती हैदराबादेत विकून गेला. तेव्हा देवणीला गुरांचे डॉक्टर असलेल्या व्यंकटींनी ती घेतली. जनावरांचा डॉक्टर स्वतःच्या मोटारीनं फिरतो याचं लोकांना नवल होतं. डिकी पुढे आणि इंजिन मागे, याचं त्याहून जास्त. पण सगळ्यात मोठं नवल होतं ते पाण्याचं. त्या इंजिनाला रेडिएटरच नव्हता. मागचा पंखा वारा मारायचा आणि त्या वाऱ्यावर इंजिन थंड राहायचं. गावोगाव लोक वाकून पाणी घालायचं भोक शोधायचे. डॉक्टर हसून एकच वाक्य म्हणायचे, "ही गाडी कुणाच्या दारात पाणी मागत न्हाई."

अश्वजित ते वाक्य ऐकतच मोठा झाला. घरात ते इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की त्यात काही अर्थ असेल असं कुणाला वाटेनासं झालं. लातूरला टँकर यायचे तेव्हा तोही मित्रांना म्हणायचा, "आमची गाडी खरी लातूरची. पाण्यावाचून चालती."

डॉक्टर निवृत्त होऊन मुखेडला आले, डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि गाडी पत्र्याच्या शेडात उभी राहिली. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी घर केलं. उन्हाळ्यात नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अश्वजितला बाजूला घेऊन सांगितलं की डावा डोळा गेलेला आहे आणि उजव्याचंही फार दिवसांचं काही धरून चालू नका. त्या दिवशी परतताना अण्णा एसटीत म्हणाले होते, "अशू, दिसतंय तोवर एकदा आपल्या गाडीनं मला देवणीला ने. देवणी जातीचा एक चांगला वळू बघायचाय. हात लावून बघायचाय."

अण्णांनी मुलाकडे काही मागितल्याचं अश्वजितला आठवत नव्हतं.

त्याची सारी नोकरी एसटीच्या लातूरच्या कार्यशाळेत गेली होती. इंजिन त्याला कळत होतं. पण त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक इंजिनाला पाणी लागायचं. गाडी तापली की ड्रायव्हर कॅन घेऊन धावतो, हे त्याच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं साधं होतं. गाडी टेम्पोवर घालून लातूरला नेली आणि हे इंजिन उघडल्यावर एक सिलिंडर तडकलेला निघाला. नांदेडला सोमेश नावाचा एक तरुण असल्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचा. तो लातूरला येऊन बघून गेला.

"काका, इंजिन मरायचं नाही," सोमेश म्हणाला. "सिलिंडर, पिस्टन बाहेरून मागवावे लागतील. वरचे झाकणपत्रे तुम्ही फेकले नाहीत हे बरं केलं. ते नसले की वारा भलतीकडं पळतो. दिवाळीनंतर गाडी देतो."

"दिवाळीनंतर अण्णांना दिसंल का?"

उत्तर होतं औसा रोडच्या गुरुपादप्पाकडं. अश्वजितच्या ओळखीचा, वर्षानुवर्षं ट्रक आणि व्हॅन दुरुस्त केलेला मिस्त्री. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं झाकण उचलून आत पाहिलं आणि पानाची पिंक टाकली.

"अय्यो, हे काय इंजिन हाय का शिलाई मशीन? काढून टाका सायेब. व्हॅनचं इंजिन बसवतो. रेडिएटर म्होरं डिकीत ठेवू, पाईप खालून घेऊ. पोळ्याच्या आधी तुमची गाडी रस्त्यावर."

"बसंल?"

"बसंल म्हंजे? चौकट थोडी कापावी लागंल, म्होरचा पत्रा वारा जायाला फाडावा लागंल. पन बसंल."

अश्वजितनं हिशेब केला तो डोळ्याचा केला. हो म्हणाला. काढलेलं इंजिन त्यानं सोमेशला देऊन टाकलं. ते न्यायला सोमेश टेम्पो घेऊन आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "काका, डॉक्टरसाहेबांना विचारलं का?"

"त्यांना गाडीत बसायचंय. आत काय हाय त्यानं त्यांना काय फरक पडतो?"

सोमेशनं इंजिनाला पोत्यात गुंडाळलं आणि तो गेला. पुढे अश्वजितला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत राहिलं.

पोळ्याचा वायदा ऑक्टोबरवर गेला. तोवर अण्णांच्या उजव्या डोळ्यात उजेड आणि सावली तेवढी उरली होती. आता ते ओट्यावरून उतरून गाडीजवळ आले आणि हातानं गाडी पाहू लागले. टपाचा गोल, काचेची कड, दाराची मूठ. "रंग कोणता दिला?"

"तोच, अण्णा. फिकट निळा."

हात पुढच्या बाजूला सरकू लागला. तिथं, बंपरच्या वर, गुरुपादप्पानं वाऱ्यासाठी पत्रा फाडून जाळी बसवली होती. अश्वजितनं अण्णांचा हात धरला. "या, बसा. ऊन चढायच्या आत निघू."

धुरपताबाई मागं बसल्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. "माझ्या लग्नात बैलगाडी होती," त्या म्हणाल्या. "हिला मात्र रंग देऊन आणलं."

"तुला पण देऊ रंग," अण्णा म्हणाले. अश्वजितला हायसं वाटलं. अण्णा खुशीत होते.

जांब मागं पडलं. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, भुसा रस्त्यावर उडत होता. अण्णा कान देऊन बसले होते. अधूनमधून त्यांचा डावा हात गुडघ्याशी हलायचा, गियर टाकल्यासारखा, आणि मध्येच थांबायचा. मनातला गियर आणि कानातला आवाज जुळत नव्हते.

"लई गुळगुळीत चालून राहिली," ते म्हणाले. ती तारीफ होती की तक्रार, ते अश्वजितनं विचारलं नाही.

जळकोटच्या अलीकडे चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. खालच्या पाइपाचा क्लॅम्प सुटला होता. अश्वजितनं गाडी लिंबाखाली घेतली, तोवर पुढच्या डिकीतून वाफ निघायला लागली होती.

"वास कशाचा?" अण्णांनी विचारलं.

"काही न्हाई. जरा तापली."

"वाफंचा वास हाय हा." अण्णा ताठ बसले. "म्होरून येऊन राहिला. आपल्या गाडीत म्होरं काय हाय तापायला?"

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं सांगितलं. जुनं इंजिन काढलं, व्हॅनचं बसवलं, रेडिएटर बसवला. डोळ्याचं कारण मात्र जिभेवर येऊन परत गेलं. ते त्या क्षणी अण्णांवर उपकार केल्यासारखं वाटलं असतं.

अण्णांनी दाराची मूठ चाचपली, उतरले आणि काठी टेकत लिंबाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले. "मग आता?"

"पाणी घालावं लागंल. कॅन हाय, पण रिकामा. म्होरं आखाडा दिसतोय, तिथून आणतो."

"जा," अण्णा म्हणाले. "माग जा."

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्या वस्तीवर, मळणी चालू होती. डोक्याला ओढणी बांधलेली एक मुलगी यंत्राच्या आवाजावरून ओरडली, "काय पायजे काका?" पाणी, म्हटल्यावर तिनं कॅन घेतला, बोअरच्या नळाखाली काठोकाठ भरला आणि वर विचारलं, "चहा घेता का? आमची माय ठेवूनच राहिली." तिचं नाव पुनम होतं, कुणीतरी तिला हाक मारली म्हणून कळलं. तिनं याचं नाव विचारलं नाही.

अश्वजित भरला कॅन घेऊन परत आला तो जवळजवळ आनंदानं. क्लॅम्प पान्यानं आवळत तो म्हणाला, "अण्णा, लगेच दिलं त्यांनी. चहाला थांबा म्हणत होते. नावसुद्धा विचारलं न्हाई."

"नाव विचारलं न्हाई," अण्णांनी त्याचे शब्द परत म्हटले. "हे तुला सांगावं वाटलं."

पाना अश्वजितच्या हातात तसाच राहिला.

"सांगा त्याला," धुरपताबाई गाडीतूनच म्हणाल्या. "आता तरी सांगा."

अण्णांनी सांगितलं ते एखाद्या जनावराच्या दुखण्याची हकीकत सांगावी तसं. गाडी घ्यायच्या आधीचं साल. ड्रायव्हर रजेवर, म्हणून खात्याची जीप स्वतः चालवत एका गावाला गेलेले. पहाटेपासून पाटलाची गाय अडलेली. वासरू आडवं होतं. खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी ते सरळ केलं, ओढून काढलं. गाय वाचली, वासरू वाचलं. परत निघाले तर वेशीबाहेर जीप तापली. डबा घेऊन विहिरीवर गेले. विहीर त्याच पाटलाची.

"त्यानं नाव विचारलं. सकाळी बोलवायला आला तेव्हा डॉक्टर एवढंच पुरलं होतं. आता आडनाव पण विचारलं. मी सांगितलं. म्हणला, डबा खाली ठेवा अन् जरा लांब सरका, डॉक्टरसाहेब. साहेब म्हणला हां, बोलण्यात खोट न्हाई. वरून वतलं. अर्धं मातीत गेलं." अण्णांनी काठीनं माती टोकरली. "गाईच्या पोटात हात घातलेला चालला. दोरीला लागलेला चालला नसता."

यंत्राचा आवाज आखाड्यावरून येत राहिला.

"पुन्हा बोलावणं आलं का?" काहीतरी बोलायचं म्हणून अश्वजितनं विचारलं.

"आलं की. गेलो की. जनावराचा काय गुन्हा? पण माझ्या गाडीसाठी मी कुणाच्या दारात डबा घेऊन गेलो न्हाई. पुन्हा कधीच न्हाई गेलो."

अश्वजितनं पाणी घातलं. उरलेल्या पाण्यानं हात धुवावे असं त्याला वाटलं, पण ते त्यानं केलं नाही. "अण्णा, तासाभरात देवणी येतंय. उशीर न्हाई झाला."

"वळव."

"वळू बघायचाय ना तुम्हाला?"

"आपल्या गाडीनं जायचं म्हणलो होतो मी." अण्णा मोटारीच्या दिशेनं चालू लागले. "ही चांगली हाय. ज्याची असंल त्याची. घरी सोड."

परतीच्या वाटेवर धुरपताबाईंनी भाकरीचं गाठोडं उघडलं नाही.

दिवाळीच्या आत उजेड आणि सावली हा फरकही गेला. अश्वजित नांदेडला सोमेशकडे गेला. इंजिन परत पाहिजे म्हणाला. सोमेश ओशाळला. सिलिंडर आले होते, इंजिन उभं राहिलं होतं, आणि एका पिवळ्या गाडीत बसवून तिच्या मालकाच्या ताब्यातही गेलं होतं. नांदेडातच फिरत होतं.

"दुसरं शोधू काका. मिळेल. पण तुमची मागची चौकट कापलीय, पुढचा पत्रा फाटलाय. सगळं मूळ घाटावर आणायचं तर वर्ष तरी धरा."

अण्णांचं वय अश्वजितला ठाऊक होतं. वर्ष धरण्यासारखं ते नव्हतं. "मग एक कर," तो म्हणाला. "त्या गाडीचा आवाज तरी पाठव."

तो आवाज मोबाईलवर आला आणि अश्वजित कित्येक दिवस तो खिशात घेऊन फिरला. ऐकवला तर अण्णांना बरं वाटेल की घाव बसेल, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं या खेपेला आधी विचारलं.

"अण्णा, आपल्या गाडीचा आवाज हाय माझ्याकडं. आपल्या इंजिनाचा. ऐकायचाय का?"

अण्णा ओट्यावर बसले होते. शेडातल्या निळ्या गाडीकडे त्यांची पाठ होती. "लाव," ते म्हणाले.

पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तशी ती टरटर ओट्यावर उमटली. आतल्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. अण्णांनी मान कलती केली. त्यांचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि हवेत एका जागी जाऊन थांबला.

"चढावर हाय," ते म्हणाले.

"हाव. पुलाचा चढ हाय."

"चौथ्यातच ओढून राहिला तो. दम लागून राहिला तिला, ऐक." हात पुढं सरकला. "तिसऱ्यात टाक म्हणावं त्याला."

"सांगतो अण्णा."

चढ अजून संपला नव्हता, पण आवाज तेवढाच होता. तो संपल्यावरही अण्णांचा हात तिथंच, तिसऱ्या गियरवर, राहिला.