अबू फरवाची कॉफी

अबू फरवाने कॉफीचा पेला उचलून पुन्हा जमिनीवर ठेवला, तेव्हाच मी मनात म्हटलं, संपलं आता.

पेला जमिनीवर ठेवला की पाहुण्याला काहीतरी मागायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. यजमान 'घ्या कॉफी, दिलं' म्हणेपर्यंत पाहुणा ओठ लावत नाही. आणि कॉफी तशीच टाकून तो उठला, तर त्याच्या मागोमाग घराची अब्रूही उठून जाते. अबू फरवा जन्माने इंग्रज, पण वीस वर्षं आमच्या पलटणीचा मुख्य होता. बदाऊंचे, म्हणजे आम्हा वाळवंटातल्या टोळ्यांचे, रिवाज त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. उन्हाळा असो की हिवाळा, मेंढीच्या कातड्याचा लांब झगा त्याच्या अंगावर असायचाच. त्या झग्याला आम्ही फरवा म्हणतो, म्हणून तो अबू फरवा, झगेवाला बाबा. खरं नाव घ्यायला गेलं तर आमच्या जिभेला गाठ बसते.

त्या शुक्रवारी सकाळपासून झर्क्यात, आमच्या छावणीच्या गावात, कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. आमच्या तरुण राजाने फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना काढून टाकलं होतं. सगळ्यात मोठ्या जनरलला तर विमानात बसवूनही दिलं होतं. रस्त्यावर ट्रकच्या ट्रक भोंगे वाजवत फिरत होते, बायका गच्च्यांवरून जीभ हलवत आनंदाचा हलहल करत होत्या. मीही गच्चीवर होते, घसा बसेपर्यंत. जानेवारीत इंग्रजांविरुद्धच्या शाळेच्या मोर्चात मी भिंतीवर चढून पहिली घोषणा दिली होती. आई म्हणते, त्या दिवसापासून माझ्या जिभेचा लगाम हरवलाय. हरवला तर हरवला, मला बरं वाटतंय.

पण बाबा पलटणीत अबू फरवाच्या हाताखाली, म्हणून मोर्चात पुढे असूनही एक टोमणा काही सुटत नव्हता. वर्गातली फिदा म्हणायची, "नूफचा बाप म्हणजे अबू फरवाची सावली. तो वळला की हाही वळतो." त्या पहाटे अम्मानहून एक अधिकारी आला आणि बाबांना दोन गोष्टी सांगून गेला. आजपासून पलटण तुमच्या ताब्यात. आणि छावणीच्या फाटकातून एकही इंग्रज आत जाता कामा नये. मला वाटलं, सुटली सावली. आणि दोन तासांत अबू फरवा स्वतः जीप चालवत आमच्या दारात.

पाहुण्याला कॉफी घरच्या मुलाने द्यायची, पण माझा भाऊ सायेल जेरुसलेमला असतो, म्हणून पेला मीच भरून दिला होता. अबू फरवा साहेबांनी तो खाली ठेवला. शहाणा यजमान अशा वेळी आधी विचारतो, काय काम काढलंत? पण बाबांच्या जिभेला वीस वर्षांची सवय. पेला पुरता टेकायच्या आत ते म्हणाले, "घ्या साहेब, दिलं."

साहेबांनी एका घोटात कॉफी संपवली, पुरे म्हणून पेला हलवला, माझ्या हातात दिला.

"उद्या सकाळी माझं विमान आहे," ते म्हणाले. "त्याआधी मला फाटकातून आत सोड. पलटण मैदानात उभी कर. एक सलामी घेतो आणि जातो."

बाबा पांढरे पडले. "साहेब, फाटकाचा हुकूम..."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो. ते फाटक मी बांधलं, मुतलक. तुलाही मीच घडवलं."

भिंतीपलीकडून शेजारच्या अबू ईदचं डोकं वर आलं. त्याला आमच्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येते. "मुतलक, शब्द देऊन बसलास रे. आता फाटक तरी उघड, नाहीतर दाढी तरी उतरव."

फाटक उघडलं तर अर्धी पोरं साहेबांना बघून रडणार, अर्धी बंदुका उचलणार, आणि संध्याकाळच्या आत बाबा तुरुंगात. नाही उघडलं, तर कॉफीवर दिलेला शब्द गिळणारा मुतलक. त्याच्या घरची कॉफी मग कोण पिणार? सायेलला मुलगी कोण देणार? मी उभ्या उभ्या पाय बदलत होते. किटलीचा चटका बसत होता, तरी ती खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हीही मागा ना."

"गप बस, नूफ."

"तुम्हीही पेला ठेवा त्यांच्यापुढे. शब्द परत मागा."

"स्वतःच्या घरात यजमान पेला ठेवत नाही, वेडे. त्यासाठी पाहुणा असावं लागतं."

साहेब हसले. "पोरगी वकील होणार बघ. ठीक आहे, मुतलक, तू माझ्याकडे चल. माझ्या घरी..." आणि ते थांबले. घराची किल्ली त्यांनी सकाळीच देऊन टाकली होती.

"मग जीपमध्ये बसा," मी म्हटलं.

"जीप पलटणीची आहे," बाबा हळूच म्हणाले. "सकाळपासून तीही माझ्या ताब्यात."

रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. वीस वर्षं या माणसाच्या शब्दावर सगळं झर्का उठत-बसत होतं, आणि आता त्याच्यापुढे एक पेला ठेवायचा तर वीतभर जागा त्याची नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण गच्चीवरच्यासारखा नाही.

मग माझी नजर झग्यावर गेली.

"हा तर तुमचा आहे ना, साहेब?"

मी पाच वर्षांची असताना त्यांनीच दाखवलं होतं. वाटेत बदाऊ आपला झगा पसरतो, आणि त्यावर जो बसेल तो त्याच्या घरी आलेला पाहुणा. तेव्हा त्यांनी झगा वाळूवर पसरून मला म्हटलं होतं, या नूफबाई, आमच्या घरी. आणि खिशातले खजूर दिले होते.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चिडतील. मग त्यांनी झगा उतरवला. आत इतका किडकिडीत माणूस असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी तो अंगणात नीट पसरला, लोकर वर करून, आणि बाजूला बसले.

"या, मुतलक."

बाबा बूट काढून झग्यावर बसले. मी पेला भरून दिला. बाबांनी तो जमिनीवर ठेवला.

साहेबांना विचारता आलं असतं, काय काम काढलंत? तेवढा हक्क होता त्यांना. ते पेल्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"घ्या कॉफी, मुतलक," ते म्हणाले. "दिलं."

बाबांनी कॉफी प्यायली, पेला हलवला. "मघाचा माझा शब्द मला परत हवा, साहेब."

"दिलाय."

"हे असं चालतं होय?" भिंतीवरून अबू ईद म्हणाला.

"तू आधी खाली उतर, भिंत पडेल," आतून आई म्हणाली.

साहेब उठले, सवयीने जीपकडे गेले, दारावर हात ठेवला आणि काढला. चावी त्यांनी माझ्या हातात दिली. मग शर्टावरच गल्लीतून चालत निघाले, ताठ, परेडला निघाल्यासारखे.

बाबा अजून झग्यावरच बसलेले.

"बाबा, उठा. पलटण वाट बघत असेल."

"यजमानाने निरोप दिल्याशिवाय पाहुणा उठत नाही."

"यजमान गेला."

"दिसतंय मला." त्यांनी लोकरीवरून एकदा हात फिरवला आणि उठून बूट घातले. चावी घेतली. "थंडी आहे. झगा झटकून कुणाच्या तरी हाती पाठव."

कुणाच्या हाती? मीच धावले. झगा माझ्यापेक्षा जड, वर धुराचा आणि मेंढीचा वास. वळणावर एक ट्रक आडवा आला. त्यात आमचा अर्धा वर्ग, निशाणं घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे फिदा.

"नूफ, चढ वर. आणि ते काय गं बगलेत?"

"पाहुण्याचं सामान," मी म्हटलं आणि पळत राहिले. पाहुणा बराच पुढे गेला होता.