साधं बेअरिंग

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. नखाएवढं बेअरिंग फिरवायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. आतल्या एखाद्या गोळीवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा असला तरी कपाळाला आठी पडायची. मोजणारं नवं यंत्र आलं तेव्हा पोरांनी पैज लावली होती, आणि यंत्र हरलं. तेव्हापासून माणूस जो हवेत गेला तो खाली आलाच नाही, असं त्यांची बायको म्हणे. बायकोचं सहसा चुकत नसे.

त्यांची भाची रक्ताची नव्हती. समुद्रापलीकडच्या देशातून ती दोन वर्षांसाठी हे काम शिकायला आली होती. तेव्हा दोन्ही देशांचं गूळपीठ होतं, रोज कुणी ना कुणी हस्तांदोलन करताना पेपरात दिसायचं. पोरगी यांच्याच माडीवर राहिली. पहिल्या महिन्यात बेअरिंगमधलं काही म्हणता काही ऐकू येईना, तेव्हा ती जिन्यात बसून रडली. कानसेन म्हणाले, "रडून घे, पण लवकर आटप. रडल्यावर कान चोंदतात." त्या दिवसापासून ती त्यांना मामा म्हणू लागली.

परत जाऊन तिने छोटं वर्कशॉप काढलं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना श्वास देणारी यंत्रं ती बनवायची. त्यातला हवा ढकलणारा पंखा मामाच्या बेअरिंगवर फिरायचा. बेअरिंगांची पेटी पोचली की तिचा फोन ठरलेला. "मामा, आवाजच येत नाही!" याहून मोठी शाबासकी कानसेनांना ठाऊक नव्हती.

मग दोन्ही देशांचं बिनसलं. समुद्र कुणाचा, चिप कुणी कुणाला विकायच्या, कुणाची जहाजं कुणाच्या दारात उभी, यावरून रोज डोळे वटारणं सुरू झालं. क्षेपणास्त्रात लागेल असं काहीही पलीकडे जाऊ द्यायचं नाही, असा कायदा आला. बेअरिंगांवरही मर्यादा आली. अमुक एका बारकाव्यापर्यंतचं चालेल, त्यापुढचं बंद. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

कंपनीच्या कागदावर कानसेनांचं बेअरिंग मर्यादेच्या आत होतं. पुढची पेटी तपासायला सरकारी तपासनीस बाई येणार म्हटल्यावर मॅनेजरने त्यांना बाजूला घेतलं. "काका, विचारलं तर एवढंच म्हणायचं, साधं बेअरिंग आहे. पुढे ओठ शिवून घ्या."

"बरं," कानसेन म्हणाले.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, बारा हॉस्पिटलं माझ्या यंत्रांची वाट बघतायत. ही पेटी नाही आली तर वर्कशॉपला टाळं लागेल हो."

"येईल गं. मी आहे ना इथे."

तपासनीस बाई भली निघाली. पेटी उघडली, कागद वाचले, एक बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं. "साधंच दिसतंय," ती म्हणाली आणि तिने सही करायला पेन काढलं.

एवढ्यावर भागत होतं. नुसती मान हलवायची होती. मॅनेजर खोकलासुद्धा.

"दिसतंय?" कानसेन म्हणाले. "बाई, जरा कानाला लावून बघा."

तिने लावलं. "काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर! अहो, कागद ऑफिसातली माणसं लिहितात. कागदावर लिहिलंय त्याच्या चौपट बारीक काम आहे हे. उद्या क्षेपणास्त्रात घाला, कुरकुरणार नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "काका, हे बोलायला नको होतं तुम्ही. आता मला मोजावंच लागेल."

मोजलं. चौपट नाही, पाचपट निघालं. आणि खरं सांगायचं तर तो आकडा ऐकून कानसेनांना क्षणभर बरं वाटलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या बरं वाटण्याची.

पेटी अडकली. मुद्दाम खराब करून देतो, कागदाइतकंच करतो, म्हणून ते मॅनेजरच्या दारात दोनदा जाऊन आले. मॅनेजर म्हणाला, "काका, आता तुमच्या हातचं काहीच बाहेर जायचं नाही." भाचीला त्यांनी फोनवर सांगितलं, कायदा कडक झाला. ती म्हणाली, "त्यात तुमचा काय दोष, मामा?" त्यांनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर दीड वर्ष फोन नाही. पेपरात बाळाचा फोटो आला तरी ते पान उलटत. बायको म्हणायची, तुम्ही तरी लावा. ते कान दुखत असल्याचं निमित्त सांगायचे.

एका रविवारी दुपारी तिचाच फोन आला. "मामा, जमलं! बेअरिंग आम्ही इथेच बनवलं. तुमच्यासारखंच."

"आवाज?"

"येत नाही."

"म्हणजे बाळांची यंत्रं सुरू झाली तर!"

"नाही मामा. वर्कशॉप कधीच बंद झालं. एवढं बारीक काम उभं करायला आमच्याकडे काय होतं? एका सरकारी खात्याने मशिनं दिली, माणसं दिली. जेवढं बनतं तेवढं सगळं तेच नेतात."

"कशासाठी?"

"ते सांगायची परवानगी नाही मला."

त्यांना कळायचं ते कळलं. ते म्हणाले, "पोरी, ती पेटी माझ्या तोंडामुळे अडली. बाई सही करत होत्या. मला गप्प बसवलं नाही."

"मला तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज मायेचाच होता. "इथले मोठे मोठे साहेब विचारतात, हा कान कुठून आणलास? मी प्रत्येकाला तुमचं नाव सांगते, मामा."

"नको गं," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

उभ्या जन्मात असं ते पहिल्यांदाच म्हणाले.