रणगाड्यावरची वळकटी

आमचे हे फौजेत रणगाडा चालवायचे. रिटायर होऊन सोलापूरला आले आणि दिरांनी मुंबईहून पाठवलेला प्लॅस्टिकचा रणगाडा जोडत बसले. जोडून झाला तरी उठेनात. म्हणाले, "खऱ्या रणगाड्यावरचं निम्मं सामान ह्या खोक्यात न्हायच की!"

मग टूथपेस्टच्या नळीचा पत्रा कापून पाण्याचे डबे केले. माझ्या चांगल्या फणीचे दात तोडून दांड्या केल्या. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता, पण ह्यांची मान काही वर होईना.

शेवटी त्यांनी चिंधीची इवलीशी वळकटी मागच्या बाजूला बांधली.

"हे काय आता?"

"तू दिलेली चादर."

एकाहत्तरच्या लढाईला जाताना मी दिलेली चादर ह्यांनी म्हणे रेल्वेत हरवली होती. चादरींच्या गावचा माणूस चादर हरवून येतो, म्हणून सात वर्षं मी टोमणे मारत होते.

"हरवली न्हाय, पारू. आमचा तोफ डागणारा जोडीदार गेला, त्याला तिच्यात गुंडाळला."

मी चष्मा लावला. वळकटी सोडवून हातात घेतली.

"तिचा काठ लाल होता," मी म्हटलं आणि सुईत लाल दोरा ओवला.