टुंडुपचा अंगठा

“याच पाइपवर अंगठा ठेवला होतात तुम्ही, मेमे-ले. म्हणालात, अजून एक हिवाळा काढेल,” ड्रायव्हर जिग्मेट म्हाताऱ्या टुंडुपला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. टुंडुपला तेच जड गेलं.

दोराने ओढून आणलेली जीप खलसे गावातल्या टुंडुपच्या गॅरेजसमोर उभी होती. काल दुपारी फोटु-ला घाटात तिच्या हीटरचा पाइप फाटला होता. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणारा हातभर लांबीचा रबरी पाइप. तो फाटला की आधी गाडीतली ऊब जाते, मग पाणी संपून इंजिनही बंद करावं लागतं. मागून ट्रक येईपर्यंत जिग्मेट, त्याची बायको आणि तीन महिन्यांची मुलगी दोन तास उणे अठरा अंशांत बसून होती.

“बाळ कसं आहे?” टुंडुपने विचारलं.

“मजेत. आईने अंगात घातलेल्या लोकरी गोंच्याच्या आत होती. रडून रडून तिनेच आम्हाला जागं ठेवलं.”

आपल्या गाड्या घेऊन थांबलेले दोघे ड्रायव्हर हसले. टुंडुप हसला नाही.

गेले सत्तावीस हिवाळे खलसेचे ड्रायव्हर घाटाला निघण्यापूर्वी, इंजिन गार असतानाच बॉनेट उघडत आणि त्याला बोलावत. रबर आतून कुजतं. बाहेरून ते चकचकीतच दिसतं. म्हणून पाइप आवळणाऱ्या क्लिपच्या शेजारी दाबून पाहायचं. चांगला पाइप अंगठ्याला परत ढकलतो. कुजलेला दबतो आणि तसाच राहतो. इंजिन तापलं की सगळंच मऊ लागतं, त्यामुळे तपासणी सकाळीच. टुंडुप त्याचे पैसे घेत नसे.

त्याने जीपचं उरलेलं पाणी डब्यात काढलं, क्लिप सैल केली. पाइप ओढला नाही. हीटरची पितळी नळी पातळ असते, मोडते. ब्लेडने रबर उभं चिरून सोलून काढलं. नळी कापडाने पुसली, नवा पाइप सरळ कापून बसवला, क्लिप टोकापासून बोटभर आत घेऊन आवळली. हे सगळं डोळ्यांचं काम होतं. डोळे चांगले होते.

मग त्याने जुना तुकडा उचलून दाबला. त्याला तो चांगला घट्ट लागला. खरं तर काहीच लागलं नाही.

साखरेच्या दुखण्यामुळे बोटं बधिर होत चालल्याचं त्याला जुलैपासून माहीत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावून विचारलं होतं, “कापूस कुठल्या बोटाला टेकला?” त्याने अंदाजाने सांगितलं आणि ते चुकलं. घरी त्याने ही गोष्ट काढली नाही.

“मेमे-ले, माझ्या गाडीला लावता ना अंगठा?” थांबलेल्या दोघांपैकी मोरुपने हाक मारली. “कारगिलला सहा सवाऱ्या आहेत. एक म्हातारी आहे, ती थंडीपेक्षा तोंडानेच मारेल मला.”

टुंडुप त्याच्या बॉनेटपाशी गेला. हात पुढे केला आणि मागे घेतला.

“माझ्या अंगठ्याला काही कळत नाही, मोरुप.”

“आज थंडीच तेवढी आहे.”

“आज नाही. जुलैपासून.”

मग मोरुप म्हणाला, “म्हणजे चार-पाच महिने आम्ही कुणाच्या भरवशावर घाट चढतोय?”

चहाचा थर्मास घेऊन आलेली टुंडुपची बायको यांगडोल दारातच थांबली होती.

“तरीच,” ती हळू म्हणाली. “उकळत्या चहाचा पेला हातात धरून बसायचे. मी म्हणायची, काय हट्टी माणूस आहे.”

तिने थर्मास ठेवला आणि उजवा हातमोजा काढला.

“कुठे दाबायचं असतं?”

“अगं, लोखंड कसलं गार आहे! चामडी चिकटेल.”

“तुमची सत्तावीस वर्षं चिकटली नाही. दाखवा.”

त्याने तिच्या हातात आधी नवा तुकडा दिला, मग फाटलेला. तिने दोन्ही चार-चारदा दाबले. मग ती मोरुपच्या गाडीवर वाकली. टुंडुप बोट दाखवत गेला, ती दाबत गेली.

“हा परत येतो. इथेही येतो. इथे…” ती थांबली. पुन्हा दाबलं. “इथे नाही येत.”

मोरुपने स्वतः दाबून पाहिलं. “मला तर सारखेच लागतात, आमा-ले.”

“म्हणून तर तू नुसता गाडी चालवतोस.”

जिग्मेट मोठ्याने हसला. टुंडुपने पाइप उतरवून चिरला आणि उजेडात धरला. आतलं रबर सुटून पापुद्रे झाले होते. मोरुपने त्यांवर नख फिरवून पाहिलं.

“म्हातारीला सांगतो, अर्धा तास उशीर आहे,” तो म्हणाला. “बसवा नवा, मेमे-ले. तुम्हीच बसवा.”

गाड्या गेल्यावर दोघं पत्र्याच्या आडोशाला बसली. यांगडोलची बोटं लालबुंद झाली होती. टुंडुपने तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळू लागला. बराच वेळ चोळला. ऊब आली की नाही, हे त्याला कळेना.

“अजून गार आहे?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली आणि हात तसाच राहू दिला.