मधला स्पीकर स्वयंपाकघरात

मी एक जुना रिसीव्हर आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. वय कुणाला चुकलंय? पण कुणी ‘बिचारा’ म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात एक काळा, रुंद, जड डबा बसलेला असतो ना, ज्याच्या पाठीतून तारांचा गुंता निघतो, तो मी. सिनेमाचा आवाज आधी माझ्याकडे येतो आणि मी त्याची वाटणी करतो. थोडा समोरच्या दोन स्पीकरांना, थोडा मागच्या दोघांना, दणके कोपऱ्यातल्या ठोकळ्याला आणि माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला. मित्रांनो, पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवतात. त्यांना वाचा मी देतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. तिथली तपासणी करणारी बाई भलती कडक होती. माझ्या एकेका वाटेतून ती नुसती खरखर सोडायची आणि डोळे मिटून ऐकायची. मागचा डावा आवाज तिला किंचित दबका वाटला, तर तिनं मला सरळ परत पाठवलं. तेव्हा राग आला होता, पण आज तिचे आभार मानतो. तिनं आणखी एक गोष्ट तपासली. अंग फार तापलं की मी आपोआप बंद होतो, नाहीतर आतून जळून जाईन. पुढे आमच्या घरात जे रामायण झालं, ते याच सवयीमुळे.

मला विकत घेतलं ते बाबांनी. ते छापखान्यात यंत्रावर होते. दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात उभं राहून त्यांचे कान जरा जाड झाले होते, त्यामुळे साधा टीव्ही त्यांना कुजबुजल्यासारखा वाटायचा. दुकानातला माणूस घरी आला, सगळं जोडून गेला आणि जाताना बजावून गेला, “मधला स्पीकर टीव्हीच्या खालीच ठेवायचा बरं का, हलवायचा नाही.”

त्याचा शब्द आठवडाभरही टिकला नाही. आई घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतं, कारण उजेड तिथंच चांगला. संध्याकाळी बाबा आणि त्यांची लेक छकुली बाहेरच्या खोलीत सिनेमा बघायचे आणि आई आत, एक डोळा सुईवर, एक आमटीवर.

“अहो,” एकदा ती आतून ओरडली, “मारामारी सगळी ऐकू येते मला, बोलणं एक अक्षर येत नाही. कोण मेला ते कळतं, का मेला ते कळत नाही!”

बाबा उठले. लांब तार आणली, दाराच्या चौकटीवरून फिरवली आणि मधला स्पीकर नेऊन ठेवला थेट स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी.

झालं! मला बनवणाऱ्यांनी हे बघितलं असतं, तर कपाळावर हात मारून घेतला असता. बाहेरच्या खोलीत गोळ्या सुटायच्या, घोडे दौडायचे, पाऊस कोसळायचा. आणि नायक नायिकेला “माझं तुझ्यावर प्रेम आहे” म्हणायचा तो मात्र आत, फोडणीच्या शेजारी. पाहुणे चक्रावून जायचे. छकुली मैत्रिणींना सांगायची, “बोलणं ऐकायचं असेल तर आत जा, मारामारी बघायची असेल तर इथं बसा.” हळूहळू सगळेच स्वयंपाकघराच्या दाराशी सरकून बसू लागले. आई टाके घालता घालता गोष्ट ऐकायची आणि खुनी कोण ते सगळ्यांच्या आधी सांगायची. चेहरे दिसत नसल्यामुळे तिला कुणी फसवूच शकत नव्हतं.

नियमाप्रमाणे हे चूक होतं. असेल! मी त्या चुकीचा अभिमान बाळगतो.

आईनं मला लेकरासारखं जपलं. समोरचा रस्ता खणला तेव्हा घरभर धूळ झाली. आईनं पडद्याच्या उरलेल्या जाड कापडाचं, आतून अस्तर लावून, मला एक झबलं शिवलं. सुरुवातीला मला चालू करताना ती ते काढून ठेवायची. पुढे बाबा निवृत्त झाले आणि टीव्ही सकाळपासूनच सुरू राहू लागला. सारखं कोण काढणार? तिनं समोर बटणांपुरती खिडकी कापली, कडेनं सुबक पट्टी मारली आणि झबलं माझ्या अंगावर कायमचं चढलं. लोक म्हणायचे, “काय सुरेख शिवलंय!” माझ्या पाठीवरच्या जाळ्या, ज्यांतून मी श्वास घेतो, त्या मात्र पार बुजल्या.

उन्हाळा आला आणि मी तापू लागलो. ऐन रंगात आलेल्या सिनेमात मी बंद पडायचो. बाबा टपली मारायचे, छकुली तारा हलवायची. थोडा गार झालो की मी पुन्हा सुरू, आणि तापलो की पुन्हा बंद. सगळे म्हणायला लागले, हा आता कामातून गेला. मित्रांनो, मी कामातून गेलो नव्हतो. मी जळायला नकार देत होतो! पण दुसऱ्यांना वाचा देणाऱ्या मला स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही. तेव्हा किती चरफडलो, ते माझं मला माहीत.

छकुली आता नोकरी करत होती. पहिल्या बढतीच्या आनंदात तिनं एक लांब, सडपातळ पट्टी आणली. सगळे स्पीकर म्हणे एकातच, तारा नाहीत, पसारा नाही. मला उचलून दाराशी चपलांजवळ ठेवलं. भंगारवाला संध्याकाळी येणार होता.

पट्टी सुरू झाली. आवाज छान होता, खोटं कशाला बोलू? पण सगळा बाहेरच्या खोलीत. मधला स्पीकर चहाच्या डब्याशेजारी मुका बसला. आतून आईनं विचारलं, “काय म्हणाली गं ती?” छकुलीनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा, “आता का रडतेय?” या वेळी छकुली म्हणाली, “नंतर सांगते, आई.” त्यानंतर आईनं विचारलंच नाही. नुसता मशीनचा आवाज येत राहिला. चपलांच्या रांगेत बसून मी तो ऐकत होतो. माझं भंगार झालं असतं तर चाललं असतं. पण ती बाई स्वतःच्या घरात गोष्टीबाहेर पडली होती.

मशीन थांबलं. आई बाहेर आली ती माझ्या अंगावरचं झबलं काढून घ्यायला. कापड चांगलं होतं, वाया का घालवायचं? तिनं ते उलटं केलं आणि तिथंच थबकली. अस्तर करपून तपकिरी झालं होतं. तिनं माझ्या जाळ्यांवरून बोट फिरवलं. बोटाला लोकरीसारखा थर आला.

“अगंबाई!” ती म्हणाली. “ऐन उन्हाळ्यात गोधडीत गुंडाळलं की मी याला. बंद पडेल नाही तर काय करेल?”

“अगं, राहू दे आता,” बाबा म्हणाले. “त्याचं वय झालंय.”

“तुमचंही झालंय. तुम्हाला ठेवलंय का मी चपलांजवळ?”

बाबा निमूटपणे उठले आणि तारा जोडायला बसले. आईनं ब्रशनं माझी जाळी न् जाळी साफ केली. छकुली कुरकुरली, “आई, पुन्हा ती तार दारावरून? अगं, मधला स्पीकर टीव्हीखाली असतो!”

“असेल. माझा चहाच्या डब्याशेजारी असतो.”

मी सुरू झालो. उघड्या अंगानं, मोकळ्या श्वासानं. तो सिनेमा मी शेवटच्या नावापर्यंत नेला, एकदाही न थांबता. मध्येच भंगारवाला आला. पडद्यावर बाई ओठ हलवतेय आणि तिचं बोलणं स्वयंपाकघरातून येतंय, हे बघून तो दारातच उभा राहिला. आईनं त्याला पाणी दिलं आणि रिकामा परत पाठवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी तुमच्यापुढे हात जोडणार नाही. मला जपलंच होतं. त्या जपण्यानंच मी गुदमरत होतो. एखादं यंत्र, एखादं माणूस गप्प झालं, तर त्याला निकालात काढण्याआधी त्याच्या अंगावर आपणच काय काय घातलंय, ते आधी बघा. ही विनंती नाही. हे मागणं माझा हक्क आहे.

छकुलीची पट्टी आता तिच्या खोलीत असते. पण परवा ती बाहेर बसून सिनेमा बघत होती आणि ऐन वेळी मिक्सर सुरू झाला. तो थांबल्यावर तिनं ओरडून विचारलं, “आई, काय म्हणाला गं तो?”

“नंतर सांगते,” आई म्हणाली. “नाहीतर ये इकडे. बस माझ्याजवळ.”

छकुली उठली आणि स्टूल घेऊन आत गेली.